योग्य त्या चौकोनात खूण करा

रीगाहून विद्यापीठाची एक मुलगी आली आहे
चार पानांचा तक्ता घेऊन.
लहान उद्योग आपला माल परदेशी का विकू लागतात?
योग्य त्या चौकोनात खूण करा.
चौकोन सहा, एका ओळीत.
नफा. वाढ. सरकारी सवलत. घटलेली मागणी.
रिकामी यंत्रं.
सहावा : इतर. त्याच्यापुढे बोटभर रेघ.

मी पेन डाव्या हातात घेते.
ती बघते, बोलत नाही.

पोरी, आम्ही कात्र्या करतो, डावखुऱ्यांसाठी.
वरचं पातं डावीकडे, अंगठ्याचा खळगा उलटा,
म्हणजे कापताना रेघ दिसते,
पात्याआड जात नाही.
एवढंच. बाकी पोलाद तेच, घाम तोच.

पहिली माझ्या बापाने केली, इमान्त्सने,
ट्रॅक्टर दुरुस्तीच्या शेडमध्ये, रात्री, चोरून.
शाळेत बाई माझा डावा हात
रुमालाने बाकाला बांधायच्या.
घरी मी त्याच हाताने वर्तमानपत्रातले
मोठमोठे चेहरे कापायचे,
अगदी कानांच्या कडेकडेने.

मग तो देशच गेला. शेड आमच्या नावावर झाली.

कुल्दीगात डावखुरे किती?
गुन्तिसने मोजले होते,
पावाच्या दुकानात दिवसभर उभं राहून,
सुटे पैसे कोण कुठल्या हाताने घेतं ते बघत.
एक पाद्री, दोन न्हावी, टपालातली आउरेलिया,
आणि शाळेतली मुलं, न बांधलेली.
सगळ्यांनी घेतली.
मग लिएपाया, मग रीगा, मग पार सीमेपर्यंत.
नऊ वर्षांत देश संपला.
नकाशावर होता तिथेच होता,
गिऱ्हाईक संपलं.
आमची कात्री मोडत नाही, हा आमचा दोष.
धार लावायला येतात लोक, चहा पिऊन जातात.

तू याला 'घटलेली मागणी' म्हणशील.
घटली नाही गं. भागली.

गुन्तिस म्हणाला, उजव्या करू. खप आहे.
मी तीन दिवस त्याच्याशी बोलले नाही.
चौथ्या दिवशी साचे मागवले.
मी काही साध्वी नाही,
सहाणयंत्राचा हप्ता होता.

साच्यांच्या आधी पत्र आलं,
उरुग्वेच्या साल्तोहून.
शिंपीणकाम करणारी कुणी नेलिदा.
औषधाच्या दुकानातल्या पोराने अर्थ लावून दिला :
वेन्त्स्पिल्सचा कुणी जहाजावरचा आचारी
खोलीच्या भाड्यापोटी आमची कात्री ठेवून गेला होता.
बाराची ऑर्डर. 'नदीकाठच्या गावांतून
शोधून शोधून आम्ही अकरा जणी सापडलो.
बारावी, जी अजून जन्मायची आहे तिच्यासाठी.'

पार्सलचा खर्च कात्र्यांपेक्षा जास्त आला.
तेव्हा नफ्याचा चौकोन खोड.
सवलतीच्या कचेरीने कळवलं,
बारा नग ही निर्यात नव्हे, भेटवस्तू होय.
तोही खोड.

पण मी हिशेब मांडला त्या रात्री.
दहांतला एक. प्रत्येक गावात दहांतला एक,
बाकीच्यांनी डावललेला,
चुकीच्या कात्रीने वाकडं कापणारा
आणि स्वतःलाच वेंधळा समजणारा.
एका गावात तो एकटा.
सगळ्या जगात आमचं गाव केवढं मोठं!

हे बोटभर रेघेवर कसं लिहू?

मुलीने टेबलावरची कात्री उचलली,
उजव्या हातात धरली,
तक्त्याचं चौथं, कोरं पान कापू लागली.
कागद कापला गेला नाही. दोन पात्यांमध्ये
नुसता दुमडला.
ती हसली, मग लाजली.
'असं होतं?'
असंच व्हायचं, मी म्हटलं.

तिची बस पाचची. घाईत मी
'वाढ'वर खूण केली, कारण ती नाकासमोर होती.
ओली शाई तळहाताला लागली, नेहमीसारखी,
आणि खूण फरपटत
शेजारच्या चौकोनात गेली, तिथून पुढच्यात.
दुसरा तक्ता तिच्याकडे नव्हता.
तिने तो तसाच पिशवीत घातला.